टिपणवहीपासून रचनाबद्ध नोंदीपर्यंत

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



जुन्या हैदराबाद संस्थानातील एखाद्या मराठी घराच्या दप्तरात एक टिपण सापडले आणि त्यावर काळ म्हणून 'सन १३५७' एवढेच लिहिलेले असले, तर ते कोणत्या वर्षीचे समजावे? लिहिणाऱ्याने फसली सन योजला असेल, तर ते वर्ष इसवी १९४७-४८ ठरते. म्हणजे रझाकारांच्या धुमाकुळाचे आणि संस्थान भारतात विलीन होण्याच्या वेळचे. हिजरी सन असेल, तर तेच टिपण इसवी १९३८-३९ मध्ये जाऊन बसते. म्हणजे हैदराबादचा सत्याग्रह आणि उस्मानिया विद्यापीठातील वंदे मातरमचे आंदोलन यांच्या दिवसांत. आकडे तेच, शाई तीच, कागदही तोच. मधले अंतर मात्र जवळजवळ दहा वर्षांचे, आणि तेही संस्थानाच्या इतिहासातील अशा दहा वर्षांचे. लिहिणाऱ्याला यात संदिग्ध असे काहीच वाटले नसणार. कचेरीच्या कागदावर कोणता सन घालावयाचा आणि घरच्या कागदावर कोणता, हे त्या काळी लिहित्या हाताला सहज माहीत होते. सर्वांना माहीत असलेली गोष्ट कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून नेमकी तीच पुढच्या पिढीच्या हातून निसटते.

साध्या मजकुराच्या टिपणांचे रचनाबद्ध नोंदींत रूपांतर कसे करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. संगणकाच्या क्षेत्रात या रचनेसाठी एक्सएमएल नावाची पद्धत रूढ आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, विमानांच्या देखभालीचे ग्रंथ, कायद्यांचे मसुदे, शब्दकोश अशा नाना प्रकारच्या मजकुरासाठी ती वापरली जाते. नाव परके आणि काहीसे रूक्ष आहे. तत्त्व मात्र ग्रंथालयात वावरणाऱ्या माणसाला अपरिचित नाही. मजकुराच्या प्रत्येक घटकाच्या आधी एक आणि नंतर एक अशी खूण घालावयाची आणि तो घटक कोणत्या जातीचा आहे हे त्या खुणेत सांगावयाचे, एवढेच ते तत्त्व. वरच्या टिपणातील काळ या पद्धतीने असा लिहिता येईल:

<सन गणना="फसली">१३५७</सन>

कोनाकृती कंसांतील शब्द हे खुणेचे. छापील पानावर किंवा पडद्यावर ते वाचकाला दिसत नाहीत, यंत्राला मात्र दिसतात. खुणांची नावे रोमन लिपीतच असली पाहिजेत असे बंधन एक्सएमएलमध्ये नाही. देवनागरी नावे तिला चालतात. चालवून पाहणारे थोडे, एवढेच. कडक नियम दोन आहेत. उघडलेली खूण मिटलीच पाहिजे, आणि एक खूण दुसरीच्या पोटात पूर्णपणे सामावली पाहिजे. ताटात वाटी असते, वाटीत वरण असते. परंतु वाटी अर्धी या ताटात आणि अर्धी शेजारच्या ताटात ठेवता येत नाही, तसेच हे.

येथे एक शंका साहजिक आहे. खूण घालणाऱ्याने 'फसली' हा शब्द आणला कोठून? मूळ टिपणात तर तो नाही. या शंकेतच विषयाचे मर्म आहे. रूपांतर करणारा माणूस केवळ नक्कल करीत नाही. तो कागद वाचतो, त्यातील महिन्याचे नाव पाहतो, कागद सरकारी की घरगुती ते ताडतो, आणि मग निर्णय देतो. हे काम यंत्राचे आहे असे समजले जाते. वस्तुतः त्यातील बहुतेक भाग वाचनाचा आहे, आणि यंत्राचा वाटा वाचन संपल्यावर सुरू होतो.

मराठीत हे सर्वांत स्पष्ट दिसते ते शब्दकोशांत. १८२९ साली शास्त्रीमंडळींनी सिद्ध केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' आणि त्यापाठोपाठ १८३१ साली निघालेला जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश, ही या वाटेवरची पहिली मोठी ठाणी. मोल्सवर्थच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे ४० हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे ६० हजार झाले. माणसामाणसांकडून ऐकलेल्या शब्दांचा हा संग्रह. छापताना त्याला एक शिस्त आली. आधी मूळ शब्द, मग त्याचे लिंग, मग तो संस्कृतातून आला की फारसी-अरबीतून हे सांगणारे एकेक अक्षर, मग क्रमांक घातलेले अर्थ. कोणी वाचकाला या शिस्तीचा पाठ दिलेला नसतो. चार पाने चाळली की डोळ्याला ती कळते. यंत्राला डोळा नसतो. त्याच्या लेखी मोल्सवर्थचे पान म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ.

यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादकत्वाखाली १९३२ पासून निघालेल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त ही शिस्त आणखी दाट झाली. पु., स्त्री., न. ही लिंगे, चौकटी कंसांत व्युत्पत्ती, 'ज्ञा' म्हणजे ज्ञानेश्वरी आणि त्यापुढे अध्याय व ओवी, 'दा' म्हणजे दासबोध, गोल कंसात 'व.' आला की शब्द वऱ्हाडी, 'गो.' आला की गोमंतकी. एका इंचात इतकी माहिती मावविण्याची ती कला होती, आणि कागद महाग असलेल्या काळात तिला दुसरा मार्गही नव्हता. परंतु संक्षेपाचा हा हिशेब त्या त्या ग्रंथापुरताच खरा असतो. 'सं.' म्हणजे कोशात संस्कृत. ग्रंथसूचीच्या चिठ्ठीवर तेच 'सं.' संपादक होते. 'पु.' म्हणजे कोशात पुल्लिंग. सूचीत ते पुणेही असू शकते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळांतील मराठी ग्रंथांची जी सूची केली, ती हाताळणाऱ्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही. एका माणसाने आयुष्य वेचून रचलेल्या त्या सूचीतील प्रत्येक नोंद ही शीर्षक, कर्ता, स्थळ, वर्ष, पृष्ठे अशा घरांतच मांडलेली आहे. घरांच्या भिंती मात्र स्वल्पविरामांच्या आणि टिंबांच्या आहेत.

मोल्सवर्थ, दाते-कर्वे, वझे, मॅक्सीन बर्नसन, तुळपुळे-फेल्डहाउस हे पाचही मराठी कोश आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पामुळे संगणकावर शोधता येतात. तेथे शोध घेताना एक साधा पर्याय समोर येतो: हा शब्द फक्त मूळ शब्दांत शोधावयाचा, की संपूर्ण मजकुरात? हा पर्याय देता येतो तो मूळ शब्द आणि त्याचे विवरण यांत कोणीतरी भेद करून ठेवला आहे म्हणून. मोल्सवर्थच्या प्रत्येक नोंदीत छापील पानाचा आकडाही तेथे जपलेला आहे. पडद्यावर वाचणाऱ्याला शंका आली तर त्याने मूळ पान उघडावे, ही सोय आणि हा प्रामाणिकपणा दोन्ही दाद देण्याजोगे आहेत. एकदा प्रदेशाची खूण वेगळी झाली की सगळे वऱ्हाडी शब्द एका ठिकाणी काढता येतील. ज्ञानेश्वरीची खूण वेगळी झाली की त्या ग्रंथाच्या आधाराने आलेले सगळे शब्द ओवीक्रमाने लावता येतील. अकारविल्हे छापलेल्या ग्रंथात हे सर्व आहेच, पण ते काढावयाचे तर सगळे खंड पहिल्या पानापासून वाचावे लागतील.

इंग्रजीत या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचे. १९८४ साली त्याच्या छापील खंडांचे संगणकीय रूपांतर सुरू झाले. पेनसिल्व्हेनियात शंभराहून अधिक टंकलेखकांनी तो कोश अक्षरशः पुन्हा टाइप केला. जाड ठसा कोठे, तिरपा ठसा कोठे हे त्यांनी टिपले. परंतु तिरपा ठसा ग्रंथाच्या नावालाही येतो आणि परकीय शब्दालाही. तो कशासाठी आला आहे हे ठरविण्यासाठी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात एक आज्ञावली तयार करण्यात आली. कोशातील नोंदींचे जणू व्याकरणच तिला शिकविण्यात आले. १९८९ मध्ये २० खंडांची दुसरी आवृत्ती निघाली ती या तयार मजकुरातून.

या खुणांच्या पद्धतीचा उगम कोशांत नाही, वकिलीच्या कामात आहे. चार्ल्स गोल्डफार्ब हे शिक्षणाने वकील. १९६९ मध्ये आयबीएम या कंपनीत एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांच्यासह ते वकिलांच्या कचेऱ्यांतील कागदपत्रे संगणकावर एकत्र आणण्याच्या खटपटीत होते. लिहिणारे, शोधणारे आणि छापणारे यंत्र, प्रत्येकाची बोली वेगळी होती. तेव्हा 'ही ओळ मधोमध आणि ठळक' असे सांगण्याऐवजी 'हे शीर्षक आहे' असे सांगावे. ठळक करावे की नाही हे छापणाऱ्याने पाहावे, असा विचार त्यांनी मांडला. त्यांच्या पद्धतीचे नाव जीएमएल. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही हीच, आणि हा योगायोग नव्हे. तिच्यापासून एसजीएमएल निघाली व १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. ती फार अवघड होती. तिची सुटसुटीत आवृत्ती म्हणजे एक्सएमएल. तिला १० फेब्रुवारी १९९८ रोजी अधिकृत रूप मिळाले. दरम्यान १९८७ मध्ये अमेरिकेतील व्हासर महाविद्यालयात जमलेल्या अभ्यासकांनी साहित्यकृती, हस्तलिखिते आणि कोश यांसाठी सामाईक खुणा ठरविण्याचे काम हाती घेतले. टीईआय या नावाने ते काम आजही चालू आहे, आणि त्यात कोशांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. तांत्रिक लेखनासाठी १९९१ च्या सुमारास डॉकबुक आणि पुढे आयबीएममधूनच निघालेली डिटा अशा खुणांच्या ठरीव संहिता तयार झाल्या. डिटाला २००५ मध्ये मानकाचा दर्जा मिळाला.

तांत्रिक लेखनात ही गोष्ट किती निकडीची आहे, हे आदिलाबादसारख्या कापसाच्या जिल्ह्यात वेगळे सांगावयास नको. समजा, जिनिंग कारखान्यातील एका मिस्त्रीच्या वहीत पुढील टिपण आहे: 'सुरी बदलणे. मेन बंद. पट्टा काढून घेणे. रोलर थांबला की सुरी मोकळी करणे, बारा नंबरचा पाना. नवी बसवून फट बघणे. ग्रीस बेताने. मागे एकाचा हात सापडला, मोटर दुसऱ्याने चालू केली होती.' मिस्त्रीला हे टिपण पुरेसे आहे, कारण उरलेला ग्रंथ त्याच्या हातात आहे. उद्या हीच माहिती नव्या माणसासाठी पुस्तिकेत घालावयाची झाली, तर पहिला प्रश्न शेवटच्या ओळीपाशी उभा राहतो. ती आठवण आहे की इशारा? मिस्त्रीने ती शेवटी लिहिली, कारण त्याला ती शेवटी आठवली. वाचणाऱ्याला मात्र ती सर्वांआधी कळली पाहिजे. तांत्रिक लेखनाच्या संहितांत साधन, इशारा आणि कृती यांची घरे वेगळी असतात, आणि इशारा ज्या कृतीविषयी आहे तिच्या आधी तो यावा असा दंडक असतो:

<काम>
<नाव>सुरी बदलणे</नाव>
<साधन>बारा नंबरचा पाना</साधन>
<इशारा>काम चालू असताना दुसऱ्या कोणी मोटर चालू करणार नाही याची आधी व्यवस्था करावी.</इशारा>
<कृती क्रम="१">मेन बंद करावे.</कृती>
<कृती क्रम="२">पट्टा काढून घ्यावा.</कृती>
<कृती क्रम="३">रोलर पूर्ण थांबल्यावर सुरी मोकळी करावी.</कृती>
<कृती क्रम="४">नवी सुरी बसवून फट तपासावी.</कृती>
</काम>

घरे आखली की रिकामी घरे दिसू लागतात. फट किती असावी? बघावयाची कशाने? 'बेताने' म्हणजे किती? ग्रीसची ओळ वरील नोंदीत मुद्दामच घातलेली नाही. ती चौथ्या कृतीनंतरची आहे, की प्रत्येक वेळी पाळावयाची सूचना आहे, हे मिस्त्रीलाच विचारावे लागेल. टिपण सलग होते तोवर हे प्रश्न कोणाला पडले नव्हते. रूपांतराचा मोठा लाभ हाच की तो लिहिणाऱ्याकडे परत जावयास भाग पाडतो. आणि लिहिणारा हयात आहे तोवरच ही सोय असते.

साध्या टिपणांना हलक्या खुणा घालून त्यांचे आपोआप रूपांतर करण्याची साधनेही निघाली आहेत. ओळीच्या आरंभी एखादे चिन्ह घातले की ते शीर्षक, तारा घातली की यादी, असा त्यांचा साधा संकेत. २००२ चे अ‍ॅस्कीडॉक, २००४ चे मार्कडाउन ही त्यांतली नावे. अशा मजकुरातून डॉकबुकसह अनेक रूपे काढून देणारी पँडॉक ही आज्ञावली २००६ पासून उपलब्ध आहे, आणि तिचे कर्ते जॉन मॅकफार्लेन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, ही गोष्ट मराठीच्या अध्यापकांना दिलासा देणारी वाटावी. या साधनांची मर्यादा मात्र ओळखून असले पाहिजे. लिहिणाऱ्याने ओळीवर 'इशारा' अशी पाटी लावली असेल, तर आज्ञावली ती पाटी इमानाने पुढे नेईल. पाटी नसेल, तर 'मागे एकाचा हात सापडला' हे वाक्य तिच्या लेखी ग्रीसच्या वाक्यासारखेच.

मराठीपुरती याच्याही खालची एक पायरी आहे, आणि तेथे झालेले नुकसान फार मोठे आहे. रचना अक्षरांवर उभी राहते. अक्षरेच डळमळीत असतील तर खुणा कशावर घालावयाच्या? १९९० च्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सरकारी मानक १९९१ मध्ये ठरले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. तथापि छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून प्रत्यक्षात चालले ते वेगवेगळ्या फाँटांचे राज्य. प्रत्येक फाँटने रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने काना, मात्रा, वेलांटी, अर्धी अक्षरे बसविली. छापलेल्या पानावर सुरेख मराठी दिसे. संगणकात मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेसळ साठत असे. तो फाँट हाती आहे तोवर मजकूर मराठी. फाँट हरवला की बाराखडीचा मागमूसही उरत नाही. त्या काळातील स्मरणिका, कथासंग्रह, संस्थांचे अहवाल, नियतकालिकांचे अंक अशा रीतीने चकत्यांवर पडून राहिले. त्यांचे रूपांतर करता येते, नाही असे नाही. परंतु कोणत्या फाँटमध्ये ते टाइप झाले हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. पुन्हा तीच 'सन १३५७' ची कथा.

युनिकोड आल्याने हा गोंधळ बराच मिटला, सगळा मिटला नाही. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कऱ्हाड' या शब्दांतील अर्धा र मराठीचा खास. तो संगणकात दोन रीतींनी साठविता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही एकच. पण एका रीतीने लिहिलेला 'कऱ्हाड' दुसऱ्या रीतीने शोधला तर, शोधणाऱ्या आज्ञावलीने दोहोंची सांगड घातलेली नसल्यास, तो सापडत नाही. आणि गावच सूचीत नाही असा शोधणाऱ्याचा समज होतो. ळ ची गोष्ट निराळी. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या लगेच पुढे आहे. केवळ तक्त्याच्या क्रमाने शब्द लावणाऱ्या यंत्राने केलेली सूची म्हणून मराठी वाचकाला चुकीची वाटते, आणि ती चुकीची असतेही. ज्यांना हजारो नोंदी रचावयाच्या आहेत, त्यांनी पहिल्या दिवशीच या दोन गोष्टींचा निकाल लावून ठेवावा.

लिपीच नसेल तर काय होते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. नारनूर मंडलातील गुंजाळा या गावी गोंडी भाषेची स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते प्रकाशात आली. त्या अक्षरांना युनिकोडमध्ये जागा मिळाली ती जून २०१८ मध्ये. तोवर त्यांतील मजकुराचे छायाचित्र घेता येत होते, लिप्यंतर करता येत होते; तो मजकूर त्याच्या स्वतःच्या अक्षरांत टाइप करून त्यावर खुणा घालण्यास मात्र सर्वत्र चालेल असा आधार नव्हता.

आदिलाबादच्या भाषांचा विषय निघाला की सेतुमाधवराव पगडी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे अभ्यासक म्हणून ओळखतो. परंतु हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असताना त्यांनी या भागातील गोंड आणि कोलाम यांच्या भाषांचा जो अभ्यास केला, त्यातून गोंडांवरचे इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये आणि कोलामीचे व्याकरण १९५० मध्ये बाहेर आले. एमेनो यांनी १९५५ च्या आपल्या कोलामीवरील ग्रंथात या व्याकरणाचा आधार घेतला. पुढे बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात ही सामग्री गेली. त्या कोशात कोलामी शब्दाच्या आधी कंसात रोमन 'एस. आर.' ही अक्षरे दिसतात, ती सेतुमाधवरावांची. जवळच 'किन' असे लिहिलेले असते, ते किनवट. एका जिल्ह्यातील पाड्यांवर ऐकलेले शब्द जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांसमोर गेले ते या दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचा हात धरून.

आता कल्पना करावी की असा ग्रंथ कोणी घाईने संगणकावर उतरविला आणि कंसांतील मजकूर 'अडगळ' म्हणून वगळला. अर्थ शाबूत राहतील, शब्दही शाबूत राहतील. फक्त सेतुमाधवराव आणि किनवट नाहीसे होतील. रचनेच्या नावाखाली असे अपराध होत असतात. उलट टोकाचा अपराधही होतो: मूळ टिपण गप्प असताना खूण घालणारा ठामपणे बोलतो. सन फसली की हिजरी हे खात्रीने कळत नसेल, तर तसे सांगण्याचीही सोय असावी लागते. टीईआयच्या संहितेत एखाद्या विधानाची खात्री किती आणि ते कोणी केले, हे नोंदविण्याची तरतूद आहे. ही तरतूद वापरण्यात कमीपणा कसला? जुन्या पोथ्यांच्या संपादकांनी संशयित पाठापुढे प्रश्नचिन्ह घालण्यात कधी संकोच केला नाही.

स्थळनामांच्या बाबतीत तर या सीमाभागाने रचनाकाराची कसोटीच पाहावी. इचोड्याच्या पंचक्रोशीतले बोथ घ्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल, तसेच किनवट आणि राजुरा हे तालुके, आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. उरलेले बोथ आंध्र प्रदेशात राहिले, २ जून २०१४ पासून तेलंगणात. ऑक्टोबर २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. म्हणजे जुन्या पावतीवर 'इस्लापूर, ता. बोथ, जि. आदिलाबाद' असे लिहिले असेल, तर ते चूक नाही आणि ते आजच्या नकाशात सापडणारही नाही. मराठी माणूस ज्याला इचोडा म्हणतो त्या गावाच्या तेलुगू नावात च ला द्वित्त आहे. इंग्रजी कागदांत ते एकाच वर्णाने लिहिले जाते. साध्या टिपणात यांपैकी एकच रूप असते. रचनाबद्ध नोंदीत कागदावरचे रूप जसेच्या तसे ठेवावे, शेजारी आजचे नाव द्यावे, आणि जिल्हा व राज्य यांना 'या वर्षापासून या वर्षापर्यंत' अशी मुदत घालावी. मग तेलुगू शाळेत शिकलेला नातू ज्या नावाने गाव शोधेल, त्या नावाने आजोबांचा मराठी कागद त्याच्या हाती येईल. या भागातील मराठी घरांतून ही गरज आता दूरची राहिलेली नाही.

ग्रंथालयापुरते बोलावयाचे तर काम दाखल नोंदवहीपासून सुरू करावे. दाखल क्रमांक, दिनांक, ग्रंथाचे नाव, ग्रंथकार, प्रकाशक, किंमत ही घरे तिच्यात आखलेलीच असतात. रेघांनी आखलेले एक्सएमएलच ते. त्या स्तंभांचे रूपांतर करणे फारसे कठीण नाही. रुपये-आण्यांत लिहिलेली किंमत दशमान पद्धतीत बदलून टाकू नये, आणा तसाच राहू द्यावा. दिनांकाला सन कोणता ते जोडावे. एकाच ग्रंथकाराची तीन प्रकारे लिहिलेली नावे एका मुख्य नावाशी बांधावीत, पण तिन्ही जपावीत. हाताने टाइप केलेल्या शंभर नोंदी आधी तपासाव्यात आणि त्यांत ज्या चुका सापडतील त्यांवरून पुढच्या कामाचे नियम ठरवावेत. सगळी वही उतरून झाल्यावर नियम करणारे लोक दोनदा श्रम करतात.

अडचण असते ती शेवटच्या 'शेरा' या स्तंभाची. जे कोठेच बसत नाही ते सगळे शेऱ्यात जाते. 'शेवटची पाने नाहीत', 'अमुक यांचेकडून वडिलांच्या स्मरणार्थ भेट', 'वाळवी', 'परत आले नाही, तीनदा सांगितले', 'बांधणी नवी'. एका ओळीत ग्रंथाची प्रकृती, दात्याचे नाव, सभासदाचा स्वभाव आणि ग्रंथपालाचा राग हे सर्व असू शकते. उत्साही रचनाकार या स्तंभाचे दहा तुकडे करू पाहतो: स्थिती, देणगी, दुरुस्ती, थकबाकी. जे तुकडे स्वच्छ निघतात ते अवश्य काढावेत. देणगीदारांची यादी त्यातूनच तयार होईल. मात्र तुकडे काढल्यावरही मूळ ओळ, ग्रंथपालाने लिहिली तशी, तिच्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह, 'शेरा' याच नावाच्या खुणेत पूर्ण ठेवावी. आणि तिच्या शेजारी वहीचा क्रमांक व पानाचा आकडा घालावा, म्हणजे ज्याला मूळ पान पाहावेसे वाटेल त्याला ते कपाटातून काढता येईल.